बावीस म्हटलं तर बावीस

शनिवार, दुपार

ती. सौ. वहिनींना नमस्कार. नेहमीसारखाच वाकून केला आहे, कारण खालचं वाचून तुमचा माझ्याबद्दलचा आदर कमी झाला तरी माझा तुमच्याबद्दलचा झालेला नाही.

दादाचा गुडघा कसा आहे? त्याला जिना चढू देऊ नका, आणि 'काही नाही, बरा आहे' असं तो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. शाळेत हात मोडला होता तेव्हाही तो दोन दिवस हेच म्हणत होता. तुमचा खोकला कोरडा की ओला, ते स्पष्ट कळवा. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या तब्येतीविषयी सध्या लेखी स्वरूपात वेगळं मत उपलब्ध आहे. ते पुढे येईल. मंगळवारपासून तुमचा फोन नाही, त्याचं कारण मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा आपण दोघी गप्प आहोत. पण कोणीतरी आधी तोंड उघडायला हवं. फोन न करता पत्र लिहिते, कारण हल्ली आमच्या रुग्णालयात ज्या वस्तूला तार किंवा दिवा आहे ती वस्तू ऐकते, अशी माझी खात्री झाली आहे, आणि माझ्या फोनला दोन्ही आहे. कागद ऐकत नाही. (पाकीट डिंकाने बंद करून जोडावर सही केली आहे. सही दुभंगलेली दिसली तर आधी मला कळवा, मग पत्र वाचा.)

आमच्या विभागाला कागदोपत्री निर्जंतुकीकरण विभाग म्हणतात आणि बाकी सगळं रुग्णालय 'भट्टी' म्हणतं. शस्त्रक्रियेची उपकरणं आमच्याकडे मळकी येतात आणि धुऊन, वाफेत तापवून, ट्रेमध्ये ओळीने लावून वर ऑपरेशन थिएटरात जातात. त्यांच्याबरोबर आमची एक मोजणारी वर जाते. सुरुवातीला ती चिमटे, कात्र्या, सुया, कापडी घड्या सगळं मोजते आणि टाके घालायच्या आधी पुन्हा मोजते. दोन आकडे जुळले तर माणूस शिवायचा, नाही जुळले तर नाही शिवायचा. एवढंच काम. पण वहिनी, पोट उघडं आहे, मोठे डॉक्टर चार तास उभे राहून त्यांची कंबर गेली आहे, आणि ते म्हणतात की सगळं बरोबर आहे, दोरा द्या. अशा वेळी बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीने तोंडावरची पट्टी सांभाळत म्हणायचं असतं की डॉक्टर, एक घडी कमी आहे. डॉक्टर ओरडतात. तिने पुन्हा म्हणायचं असतं, एक कमी आहे. ज्यांना हे म्हणता येत नाही त्यांनी दुसरीकडे कुठेही जावं, कारकून व्हावं, मंत्री व्हावं, पण माझ्या भट्टीत येऊ नये.

अशी माणसं ओळखायची माझी एक रीत आहे. अठ्ठावीस वर्षं मी ती कोणाला सांगितली नव्हती, दादालाही नाही. मुलाखतीच्या टेबलावर मी एक ट्रे ठेवते. त्यात तेवीस उपकरणं असतात. उमेदवाराला आधी इकडचं तिकडचं विचारते, आणि मग ट्रे पुढे सरकवून, चष्मा पुसत, अगदी कंटाळलेल्या आवाजात म्हणते, ही बावीस आहेत, बरोबर? बस्स. जी 'हो मॅडम' म्हणते तिला चहा पाजून घरी पाठवते. जी मोजते आणि तेवीस म्हणते तिला घेते. (न मोजताच तेवीस म्हणणारी अजून भेटलेली नाही. भेटली तर तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल.) या रीतीने मी आजवर एकोणीस माणसं घेतली. त्यांतली चार माझ्याशी बोलत नाहीत, इतकी ती कामाला चांगली निघाली.

आता डबीविषयी. आमचा भरती अधिकारी तरुण आहे, स्वच्छ आहे, आणि इतका गुळगुळीत आहे की त्याच्याशी भांडायला गेलं तर हात निसटतो. (तो समोर नसताना सगळे त्याला गुळगुळीत साहेबच म्हणतात.) त्याने गेल्या महिन्यात सगळ्या विभागप्रमुखांना सभागृहात बसवलं आणि सांगितलं की मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह असतात, ते त्याचे त्याला कळत नाहीत, म्हणून आता ते कृत्रिम बुद्धिमत्तेला कळणार आहेत. टेबलावर साबणदाणीएवढी एक पांढरी डबी राहील, भिंतीवर कॅमेरा राहील. कोणाला किती वेळ बोलू दिलं, कोणाचं बोलणं मधेच तोडलं, कोणाकडे बघून हसलात, कोणाचे कपडे बघून तुमच्या भुवया कुठपर्यंत गेल्या, सगळ्याची नोंद होईल आणि दुसऱ्या दिवशी अहवाल मिळेल. मी हात वर करून विचारलं की डबीच्या मनातले पूर्वग्रह कोण पकडणार. तो म्हणाला, फार छान प्रश्न. वहिनी, 'फार छान प्रश्न' म्हणणाऱ्या एकाही माणसाकडे मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

मला संशय आला, आणि संशयाला कारणं होती. एक तर मी पुढच्या वर्षी निवृत्त होणार, आणि डबी यंदा आली. दुसरं, मुलाखतीच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत आणि डबीचा दिवा बरोबर मधल्या खुर्चीकडे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून होता. मी ती फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्याकडे बघत होती. (झाडूवाल्या मावशी म्हणाल्या की टेबल पुसताना त्यांनीच सरळ केली. असेलही.) मग मी ठरवलं की जिने माझी परीक्षा घ्यायची तिची आधी मी घ्यावी. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नसताना आत गेले, दार लावलं, डबीपुढे ट्रे ठेवला आणि म्हटलं, ही बावीस आहेत, बरोबर? दिवा हिरवाच राहिला. पुन्हा म्हटलं. हिरवाच. नापास. मी तिला तिथल्या तिथे नापास केली आणि मन जरा शांत झालं. ती तेव्हापासूनच सगळं टिपून ठेवत होती हे मला नंतर कळलं.

आणखी एक सुधारणा अशी की उमेदवारांची नावं आमच्यापासून लपवलेली. अर्जावर नाव नाही, फोटो नाही, गाव नाही, फक्त नंबर. नावावरून मत बनतं म्हणे. उमेदवारांनाही सांगायचं नाही की मुलाखत कोण घेणार. मला हे पटलं होतं, हे प्रामाणिकपणे लिहिते. निर्जंतुक व्यवस्था वाटली. तुमच्या खारूने त्याच नंबरांच्या आड आमच्याकडे अर्ज केला आहे हे मला कसं कळावं? तिने तो मला न सांगता केला, आत्याच्या वशिल्याने लागली असं कोणी म्हणू नये म्हणून, हे मला आता समजलं आहे. तुम्हाला तो माहीत होता की नव्हता, हे मी विचारत नाही. दादाला नक्की माहीत नव्हता. त्याला माहीत असतं तर तो माझ्याशी इतकं सरळ बोलला नसता.

तर मंगळवार. दोन जागा, नऊ उमेदवार. माझ्या डाव्या हाताला गुळगुळीत साहेब, उजव्या हाताला मोठे डॉक्टर, जे वर उभे असले की ओरडतात आणि खाली बसले की झोपतात. सगळ्यांकडे सारखंच हसायचं अशी सूचना होती. मी कोणाकडेच हसायचं नाही असं ठरवलं. सारखेपणा त्यातही आहे. एक नंबरची उमेदवार 'हो मॅडम' म्हणाली. दोन नंबर 'हो मॅडम'. तीन नंबरने उपकरणांचं महत्त्व या विषयावर पाठ केलेलं भाषण म्हटलं आणि शेवटी 'हो मॅडम'. चार नंबर एक दणकट बाई होती, तिने बोटाने एकेक चिमटा ढकलत मोजलं आणि म्हणाली, तेवीस आहेत की हो, चष्मा बदला. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, डबी बघत होती. पाच आणि सहा 'हो मॅडम'. मोठे डॉक्टर एव्हाना मंद घोरत होते.

मग दार उघडलं आणि सात नंबर आत आली. करडा शर्ट, केस घट्ट बांधलेले, हातात फाइल. तिने डावीकडून नमस्कार करायला सुरुवात केली आणि माझ्यापाशी आल्यावर तो नमस्कार अर्ध्यावर राहिला. वहिनी, मी त्याच क्षणी उठायला हवं होतं. 'ही माझ्या भावाची मुलगी, मी बाहेर थांबते,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मला वाटलं की हा सापळा आहे. गुळगुळीत साहेबाने मुद्दाम हिला बोलावलं आहे. आता मी काय करते ते डबी टिपणार. उठले तर म्हणणार ओळख दाखवली, हसले तर म्हणणार पक्षपात. म्हणून मी कागदात डोकं घातलं आणि विचारलं, आपलं शिक्षण काय? जिला मी पाढे शिकवले तिला 'आपलं' म्हणताना जीभ जराही अडखळली नाही. याचा अभिमान वाटावा की लाज, हे अजून ठरत नाही. तीही कमी नाही. 'मॅडम' म्हणाली. आम्ही दोघी दहा मिनिटं अशा बोलत होतो की जणू एकमेकींना जन्मात पाहिलं नाही. बाकी उत्तरं तिने चोख दिली. वाफेचं तापमान, घड्या ठेवायची रीत, कात्रीचा सांधा उघडा का ठेवायचा, सगळं. मी मनात म्हटलं, घेतलीच.

मग ट्रे पुढे सरकवला. चष्मा पुसत म्हटलं, ही बावीस आहेत, बरोबर? ती खाली बघत होती. तिचे ओठ हलत होते. लहानपणी फरशा मोजतानाही तिचे ओठ असेच हलायचे. ते अठरा, एकोणीस, वीस करत तेविसापर्यंत गेले, वहिनी, मी बघितलं, तेविसापर्यंत गेले आणि थांबले. मग तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'हो मॅडम. बावीस.' मी जे अठ्ठावीस वर्षांत कधी केलं नाही ते केलं. पुन्हा विचारलं. 'नक्की?' ती म्हणाली, 'तुम्ही म्हणता म्हणजे नक्की.' मी पुढच्या उमेदवाराला बोलवा असं सांगितलं. आठ आणि नऊ नंबर काय म्हणाल्या ते मला अहवालातून कळलं.

अहवाल बुधवारी आला. एक्केचाळीस पानं. त्यात पहिल्या पानावर असं की मंडळात सर्वांत पूर्वग्रहरहित सदस्य मोठे डॉक्टर. त्यांनी कोणाचंही बोलणं तोडलं नाही, कोणाकडेही वेगळ्या नजरेने पाहिलं नाही, सर्वांना सारखा वेळ दिला. (त्यांना प्रशस्तिपत्र मिळणार आहे. जागे झाल्यावर देतील.) गुळगुळीत साहेबाविषयी असं की त्याच्या विनोदाला हसणाऱ्यांना तो सरासरी पाच गुण जास्त देतो. हे वाचताना त्याचा चेहरा प्रथमच जरा खरखरीत दिसला. आणि माझ्याविषयी, मधल्या सदस्येविषयी असं: सर्व उमेदवारांशी सारख्याच कठोर स्वरात बोलतात, त्या बाबतीत पूर्वग्रह आढळला नाही. इथपर्यंत ठीक. पुढे: वस्तूंची संख्या सातत्याने चुकीची सांगतात, खोलीत एकट्या असतानाही सांगतात; उच्चार संथ, चष्मा वारंवार पुसतात; वय पाहता थकवा अथवा विस्मरणाची शक्यता, तपासणी करावी. वहिनी, वय पाहता! तिशीतल्या माणसाने बावीस म्हटलं असतं तर डबीने ती अनवधानाने झालेली चूक ठरवली असती. पूर्वग्रह शोधायला आलेल्या डबीने माझ्या जन्मतारखेवरून माझी बुद्धी काढली. गुळगुळीत साहेब इतक्या मऊ आवाजात म्हणाला, मॅडम, डोळ्यांच्या विभागात मी सांगून ठेवू का?

पण मला झोंबलं ते तेहेतिसावं पान. त्यावर होतं की सात नंबरच्या उमेदवाराची नजर आणि ओठ तेवीसपर्यंत मोजतात व तोंड बावीस सांगते. उमेदवाराला मधल्या सदस्येची दीर्घकालीन भीती असावी, पूर्वओळख तपासावी. खाली आणखी एक ओळ: प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्याची संधी नऊपैकी फक्त सात नंबरला देण्यात आली. वहिनी, मी डबीला खोटी, आगाऊ, हेर, काय काय म्हणत होते, आणि या दोन ओळींत तिने मला पकडलं. माझा पक्षपात एका शब्दाचा होता, 'नक्की?', आणि तो तिने ऐकला. हिचं काम बरोबर आहे, हे तेव्हापासून मला जास्त संशयास्पद वाटतं.

गुळगुळीत साहेबाने चहा मागवला आणि विचारलं की सात नंबर कोण. त्याचा चहा संपेपर्यंत मी विचार केला. नातं तर सांगायचंच होतं, ते सांगितलं. पण ट्रेचं सांगायचं की नाही? गप्प बसले असते तर मी विसरभोळी म्हातारी ठरले असते, आणि खारूचं 'हो मॅडम' हा एका म्हातारीचा मान ठेवण्याचा शिष्टाचार ठरला असता. ती दुसऱ्या जागेवर लागली असती. मी डोळे तपासून घेतले असते, काय बिघडत होतं? बिघडत होतं ते असं की कधीतरी कोणाचं तरी पोट उघडं असणार, डॉक्टर म्हणणार सगळं बरोबर आहे, आणि आपली खारू ओठांनी एक मोजणार आणि तोंडाने दुसरं बोलणार. मी सांगितलं. ट्रे, बावीस, तेवीस, अठ्ठावीस वर्षं, सगळं. तो इतका खूश झाला की म्हणाला, मॅडम, हे आपण पुस्तिकेत छापू. म्हणजे रीत संपली. आता प्रत्येक उमेदवार दारातूनच तेवीस ओरडत येणार. गुरुवारी फलकावर चार नंबरची निवड लागली, एक जागा रिकामी राहिली, आणि सात नंबरपुढे 'निवड नाही' असं आलं. ते मी लिहवलं. तुम्हाला राग असेल तर तो योग्य माणसावर आहे.

पण आता माझा राग ऐका. त्या पोरीने 'तुम्ही म्हणता म्हणजे नक्की' हे वाक्य कुठे ऐकलं? मी परवापासून आठवते आहे. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या पुढच्या खोलीच्या पडद्यांचं माप मी घेतलं, पडदे वीतभर आखूड झाले, आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं, खालून उजेड येतो. त्या पडद्यांखालून अकरा वर्षं उजेड येतो आहे. दादाला मी एकदा रस्ता सांगितला, उजवीकडे, आणि तो माणूस एक तास चुकीच्या दिशेने गाडी चालवत गेला. वाटेत पाट्या लागत होत्या, तो त्या वाचत होता, पण बोलला नाही. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे तो! आणि माझ्या घरी तुम्ही चहा बिनसाखरेचा घेता, कारण तुम्हाला साखर आवडत नाही असं मी कधीतरी जाहीर केलं होतं. तुमच्या घरी दोन चमचे घेता, हे मला तुमच्या शेजारणीकडून कळलं. मला आयुष्यभर वाटत होतं की मी सहसा चुकत नाही. याला पुरावा काय, तर कोणी कधी चूक दाखवली नाही. कॉलेजात तर्कशास्त्राच्या पेपरात असल्याच युक्तिवादातला दोष दाखवा असा प्रश्न होता, आणि मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. तुम्ही सगळ्यांनी संगनमताने मला इतकी वर्षं बरोबर ठेवलंत, आणि त्यात ती पोर वाढली. डबीला हे दहा मिनिटांत दिसलं. मला दिसलं नाही, आणि तुम्हाला दिसत होतं तर तुम्ही बोलला नाहीत.

असो. पत्र लांबलं. दादाला गुडघ्याला शेक द्यायला सांगा. शेक की बर्फ, ते तुम्हीच ठरवा, मला विचारू नका. खारूला आशीर्वाद सांगा. ती घेत नसेल तर ठेवून द्या.

तुमची,
(आणि तरीही तुमचीच) नणंद

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. नियम असा आहे की मंडळात नातेवाईक असल्याचं निघालं तर उमेदवाराला दुसऱ्या मंडळापुढे नव्याने मुलाखत मागता येते. पण ती आपोआप मिळत नाही. तिने स्वतः माझ्याविरुद्ध लेखी तक्रार करायला हवी, येत्या शुक्रवारी पाचच्या आत. ती करणार नाही. 'आत्याविरुद्ध कशी करू' म्हणेल आणि गुणी चेहरा करून बसेल. म्हणून तक्रारीचा मसुदा मीच लिहून सोबत जोडला आहे. तुम्ही तिला त्यावर सही करायला बसवा. पत्राचं खरं कारण हे आहे. बाकीचं तुम्ही वाचलं नाही तरी चालेल.

ता. क. २. पुन्हा विचार केला. मसुदा जसाच्या तसा सही होऊन आला तर मी तो फाडून टाकीन. त्यात मी मला 'काहीशा कठोर' म्हटलं आहे. तिला 'काहीशा' पटत नसेल तर तिने ते खोडावं. निदान एक तरी शब्द तिने खोडलेला मला दिसला पाहिजे, तोही पेन्सिलीने नको, शाईने.

ता. क. ३. सोमवार, सकाळ. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं आहे. (जोडावरची सही मीच दुभंगली, दुसऱ्या कोणावर संशय घेऊ नका.) आत्ताच गुळगुळीत साहेबाने बोलावून सांगितलं की सात नंबरची तक्रार गुरुवारी दुपारीच आली आहे. फलक लागल्यावर दोन तासांत! दोन पानं, अकरा मुद्दे, शाईने, आणि 'काहीशा' हा शब्द कुठेही नाही. तेव्हा मंगळवारपासूनचं तुमचं मौन लाजेचं नव्हतं, तयारीचं होतं, असं दिसतं. मी तिथेच उभ्याने वाचली. चौथ्या मुद्द्यात लिहिलं आहे की तेवीस आहेत हे मला माहीत होतं, आत्या समोर होती म्हणून बोलले नाही, ही चूक माझी आहे आणि ती करायची सवय त्यांनी लावलेली आहे. अकराव्यात लिहिलं आहे की मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खरं आहे, मी ट्रेकडे बघत होते. नव्याने मुलाखत पुढच्या सोमवारी ठरली, मंडळ नवीन आहे, प्रश्न त्यांचे ते काढतील. मी त्या दिवशी रजा टाकली आहे आणि रुग्णालयाच्या आसपासही फिरकणार नाही. अकरांपैकी दहा मुद्दे मी तिथल्या तिथे मान्य केले. सहाव्यावर मात्र हरकत घेतली: तिने लिहिलं आहे की मी तिचं बोलणं चार वेळा तोडलं. मी गुळगुळीत साहेबाला ठणकावून सांगितलं की दोनदा, फक्त दोनदा. मग अहवालातलं ते पान काढून पाहिलं. चार वेळाच आहे. हे तिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघायला अजून थोडा सराव लागेल.